🔒 कुलूप मोठं, पण कडी केवढी?



मोटारीची केबल, स्टार्टर नेणारा चावी शोधत नाही, बोल्ट कटरनं कडी कापतो. परवा गोदामावर दोन फुटी कटरनं दोन कुलपं तपासली:

१) ६ मिमी साधी कडी: एका दाबात तुटली.
२) १० मिमी कडक पोलादाची कडी: नुसता वण उठला. पण तिचा पत्र्याचा कोयंडा लगेच कापला गेला!

✅ घरच्या कुलपाच्या कडीवर कानस फिरवा. घसरली तर पोलाद कडक, रुतली तर मऊ.
✅ नवीन घेताना कडी जाड आणि कमीत कमी उघडी बघा. कटरचं तोंड शिरायला जागाच नको.
✅ कोयंडाही जाड घ्या, आतून नट-बोल्टनं बसवा.

आज संध्याकाळी पंपघराचं कुलूप एकदा बघाच.

– आपला कृषी सल्लागार