सराव परीक्षेचे गुण कसे वाचावेत?

‘सरावात इतके, तर बोर्डात किती?’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. एका उत्तरपत्रिकेवरून अंदाज बांधू नये. अनोळखी प्रश्न, पूर्ण वेळ व काटेकोर तपासणी असलेल्या तीन चाचण्या पाहाव्यात. समजा, मराठीत 80 पैकी 48, 56 व 52 गुण मिळाले; सरासरी 52. अभ्यास आहे तसाच राहिला, तर प्रत्यक्ष गुणही याच्या आसपास राहण्याचा संभव अधिक. चुका शोधून सुधारल्या, तर हा अंदाज खोटा ठरतो. आणि तो खोटा ठरविण्यासाठीच सराव असतो.

1907 साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. त्या आकड्यात कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट कोणाला दिसली असती? म्हणून पालकहो, गुण पाहून मुलांवर रागावण्याआधी त्यांची उत्तरपत्रिका वाचा.