लहान ट्रॅक्टरसाठी ट्रॉलीचे माप कसे ठरवावे?

वर्धा जिल्ह्यात शेतमालाच्या वाहतुकीचे मुख्य साधन पिढ्यानपिढ्या बैलबंडी हेच होते. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा संकलन केंद्रांपुढे कापसाच्या बंड्यांच्याच रांगा लागत. पुढे बैलजोडी सांभाळणे कठीण होत गेले, तसे मध्यम व अल्पभूधारक शेतकऱ्यांचे लक्ष १५ ते २५ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरकडे वळले. कपाशीच्या दोन ओळींमधून डवरणी, फवारणी व संत्र्याच्या बागेतील मशागत या कामांस हा ट्रॅक्टर सोयीचा पडतो. तथापि ट्रॅक्टर घरी आला की त्याच्यामागे ट्रॉली जोडण्याची इच्छा होते, आणि येथेच विचारपूर्वक निर्णय घेणे अगत्याचे असते.

ट्रॉली घेताना शेतकरी बहुधा दोनच प्रश्न विचारतो. डबा किती मोठा आहे, आणि माझा ट्रॅक्टर ती ओढील काय? तिसरा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. भरलेली ट्रॉली माझा ट्रॅक्टर उतारावर थांबवू शकेल काय? सपाट रस्त्यावर लहान ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार सहज ओढतो. त्यामुळे तो भार त्याला झेपतो असा समज होतो. नाल्याच्या उतारावर हा समज खोटा ठरतो, आणि तेथे चालकाच्या जिवाशी गाठ असते.

बंडी व ट्रॉली यांतील भेद

लोखंडी धावेच्या बंडीत साधारणतः आठ-दहा क्विंटल माल भरला जातो. उतार लागला की बैल मानेवर जू पेलून बंडी मागे रेटून धरतात. ओझे जास्त झाले तर बैल चालावयाचा थांबतो आणि धन्याला वेळीच सूचना मिळते. ट्रॅक्टरला ही समज नाही. तो अखेरपर्यंत ओढत राहतो व चालकाला संकटाची जाणीव उतार सुरू झाल्यावरच होते. लहान ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागील दोन चाकांवरच असतात. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील तर दोहोंचा भार त्या दोन चाकांनाच रोखावा लागतो.

वजनाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो व चालकाचे ७० किलो, मिळून ९७० किलो. त्याच्यासाठी दोन ट्रॉल्या विचारात घ्याव्यात.

लहान ट्रॉली: डबा ६ फूट × ४ फूट, रिकामी ३५० किलो, माल ६०० किलो, एकूण ९५० किलो.

मोठी ट्रॉली: डबा ८ फूट × ५ फूट, रिकामी ६०० किलो, माल १,५०० किलो, एकूण २,१०० किलो.

प्रथम चढाचा विचार करू. दहा फुटांस एक फूट चढ असलेल्या कोरड्या कच्च्या वाटेने नाल्याबाहेर निघावयाचे आहे. अशा वाटेवर चाके फिरविण्यास वजनाच्या सुमारे ७ टक्के आणि चढासाठी १० टक्के, मिळून १७ टक्के जोर लागतो. मोठी ट्रॉली असल्यास ट्रॅक्टरसह एकूण ३,०७० किलो वजनासाठी सुमारे ५२० किलोचा जोर हवा. मागील चाकांवर ट्रॉलीच्या हुकाचा भार धरून सुमारे ८५० किलो वजन येते व मातीत त्याच्या निम्माच, म्हणजे सुमारे ४२५ किलोचा जोर जमिनीस लागू पडतो. इंजिन कितीही शक्तिमान असो, चाके जागीच फिरतील. लहान ट्रॉलीस सुमारे ३२५ किलोचा जोर पुरतो व ट्रॅक्टर सुमारे ३६५ किलोचा जोर देऊ शकतो. म्हणून ती बाहेर निघते.

आता तेवढाच उतार असलेल्या कोरड्या डांबरी रस्त्याचा विचार करू. ताशी २० किलोमीटर वेग असता ब्रेक लागल्यानंतर एकटा ट्रॅक्टर सुमारे ५ मीटरांत थांबेल. ब्रेक नसलेली लहान ट्रॉली मागे असल्यास सुमारे १० मीटर व मोठी असल्यास सुमारे १७ मीटर लागतील. रस्त्यावर खडी पसरलेली असल्यास हेच अंतर लहान ट्रॉलीस सुमारे २० मीटर व मोठीस ४० मीटरांहून अधिक होते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी पाच-सहा मीटर अंतर तुटते, ते निराळेच. शिवाय मागून रेटणारी जड ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. असे झाल्यास लहान ट्रॅक्टर उलटण्यास वेळ लागत नाही.

हे आकडे स्थूल हिशेबाचे आहेत. टायर, रस्ता व ब्रेक यांच्या स्थितीप्रमाणे ते कमीअधिक होतील. परंतु त्यांवरून निघणारा नियम पक्का आहे.

निवडीचा नियम

१. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील व वाटेत चढउतार अथवा नाले असतील, तर मालासह ट्रॉलीचे एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाइतकेच असावे.

२. वाट सर्वस्वी सपाट असल्यास हे वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपर्यंत चालेल. त्यापुढे मात्र बिनब्रेकची ट्रॉली वापरू नये.

३. याहून जड ट्रॉली हवी असल्यास ती ब्रेकसहितच घ्यावी, आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेली ओढण्याची मर्यादा ओलांडू नये.

४. ट्रॅक्टरची पुस्तिका, ट्रॉलीवरील पाटी, नोंदणीपत्र व वरील नियम यांत जो आकडा सर्वांत लहान असेल, तोच मानावा.

आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत डोंगराळ व चढउताराचा प्रदेश बराच आहे. तेथील शेतकऱ्यांनी पहिलाच नियम पाळावा. हिंगणघाट, समुद्रपूर व देवळी या भागांत सपाट काळी जमीन अधिक असली, तरी शेतातून सडकेवर येताना एखादा नाला किंवा पुलाचा चढ लागतोच. आपल्या वाटेवरील सर्वांत कठीण ठिकाण कोणते ते पाहून माप ठरवावे, सर्वांत सोपे पाहून नव्हे.

ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वी त्याचा चाचणी अहवाल पाहणे इष्ट. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात ट्रॅक्टरचे वजन, ओढण्याचा कमाल जोर व ब्रेकची क्षमता ही माहिती असते. तो समजून घेण्यास सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

डबा एकच, माल अनेक

आपल्या जिल्ह्यात एकाच ट्रॉलीतून कापूस, सोयाबीन, तूर, शेणखत, मुरूम व तलावातील गाळ वाहिला जातो. या मालांच्या वजनांत फार मोठे अंतर आहे. एक घनफूट जागेत मावणाऱ्या मालाचे वजन स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असते:

पायाने दाबलेला कापूस: ५ किलो (मोकळा असल्यास सुमारे ३ किलो)
अर्धवट ओले शेणखत: १७ किलो
सोयाबीन: २० किलो
तूर, हरभरा, गहू: २२ किलो
पाणी: २८ किलो
ओला गाळ, माती, मुरूम: ४५ किलो
ओली रेती: ५० किलो

म्हणजे ज्या डब्यात एक क्विंटल मोकळा कापूस मावतो, त्याच डब्यात पंधरा क्विंटल गाळ मावतो. अपघाताचे मूळ येथे आहे. शेतकरी कापसासाठी मोठा डबा घेतो आणि उन्हाळ्यात तोच डबा गाळाने काठोकाठ भरतो. राज्यात २०१७ मध्ये गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली, तेव्हापासून गाळाच्या वाहतुकीस विशेष महत्त्व आले आहे. गाळाने जमीन सुधारते हे खरे, परंतु ८ × ५ फुटांचा व दीड फूट उंचीचा डबा गाळाने भरल्यास २,७०० किलो माल होतो. लहान ट्रॅक्टरच्या वजनाच्या हा तिप्पट आहे.

६ × ४ फुटांच्या डब्यास दीड फूट उंचीच्या बाजू असल्यास शेणखत काठापर्यंत भरता येते, कारण ते सुमारे ६०० किलोच होते. धान्याची ६० किलोची दहा पोती ठेवावीत. गाळ, माती किंवा मुरूम मात्र तळापासून सहा इंचांहून वर जाऊ देऊ नये. कापसासाठी बाजूंना जाळी लावून मालाची उंची साडेचार फुटांपर्यंत नेल्यास सुमारे पाच क्विंटल कापूस बसतो. तळापासून मालाची उंची ट्रॉलीच्या दोन चाकांतील अंतराहून अधिक नसावी. कापूस हलका असला तरी उंच रचलेली ट्रॉली धुऱ्यावरून तिरपी जाताना कलंडते.

भाररेषा आखावी

यावर सोपा व जवळजवळ बिनखर्ची उपाय असा. डब्याच्या आतील चारही बाजूंवर रंगाने रेषा आखावी. तळापासून सहा इंचांवर तांबडी रेषा काढून तिच्याजवळ 'गाळ, मुरूम' असे लिहावे. रेती याहून जड असल्याने ती या रेषेच्याही खालीच ठेवावी. शेणखताची रेषा आपल्या हिशेबाप्रमाणे निराळ्या रंगात काढावी. ट्रॉली भाड्याने दिली, अथवा नवा मजूर ती भरू लागला, तरी रेषा सर्वांना दिसते व वादास जागा राहत नाही. रेषा आखण्यापूर्वी एकदा बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॉली रिकामी व भरलेली अशी दोनदा तोलून पाहावी. रिकाम्या ट्रॉलीचे वजन अंदाजाने धरू नये.

भार कोठे ठेवावा

बंडी भरताना भार मागे गेला तर ती उलाळ होते आणि पुढे गेला तर बैलांच्या मानेवर ओझे येते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. दोन चाकांच्या ट्रॉलीसही हाच न्याय लागू आहे. भार मागे गेल्यास हूक वर उचलला जातो व ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. तो फार पुढे आल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होऊन वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर येईल अशा बेताने माल रचावा.

ट्रॉली नेहमी कारखान्याने दिलेल्या खालच्या हुकासच जोडावी. मागील आसाहून उंच ठिकाणी ती जोडल्यास चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटतो. पिनेस खिळी असावी व जोडीला सुरक्षा साखळीही लावावी.

चालविताना घ्यावयाची काळजी

रस्त्यावर येताच ब्रेकची दोन्ही पेडल एकत्र जोडावीत. एकाच चाकास ब्रेक लागल्यास ट्रॅक्टर जागीच फिरतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

काळी जमीन ओली असता भरलेली ट्रॉली शेतात नेऊ नये. अशा वेळी पकड निम्म्याहून कमी होते व चाकांना लागणारा जोर दुपटीवर जातो. लहान ट्रॉलीही तेथे रुतते व जमिनीत खोल चाकोऱ्या पडतात. वाफसा येईपर्यंत थांबावे.

रात्रीच्या वाहतुकीसाठी मागील बाजूस दिवे व प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या अवश्य असाव्यात. उभ्या ट्रॉलीच्या चाकांखाली ठोकळे लावावेत.

कापूस वेचणीच्या हंगामात मजूर स्त्रियांना ट्रॉलीतून, किंबहुना भरलेल्या मालावर बसवून नेण्याची प्रथा आढळते. ट्रॉली हे मालाचे वाहन आहे. तीतून माणसे नेणे नियमबाह्य आहे व अपघात झाल्यास विम्याचे संरक्षणही सामान्यतः मिळत नाही. ट्रॉली कलंडली तर वर बसलेल्यांना धरावयास काहीच नसते. मजुरांसाठी निराळ्या वाहनाची सोय करावी. एका फेरीची बचत कोणाच्याही प्राणांहून मोलाची नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हंगामापूर्वी गावात एक दिवस ठरवून लहान ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्यांस ट्रॉलीसह एकत्र बोलवावे. प्रत्येकाच्या ट्रॅक्टरचे वजन पुस्तिकेतून पाहून लिहून घ्यावे, डब्याचे माप फुटांत घ्यावे, लांबी, रुंदी व मालाची उंची यांचा गुणाकार करून वरील वजनांवरून भार काढून दाखवावा व तेथेच भाररेषा आखून घ्यावी. ज्यांनी अद्याप ट्रॉली घेतलेली नाही, त्यांस असे समजावून सांगावे की, मोठ्या ट्रॉलीची एक धोक्याची फेरी करण्यापेक्षा लहान ट्रॉलीच्या दोन फेऱ्या केव्हाही बऱ्या. दुसऱ्या फेरीस थोडे डिझेल व थोडा वेळ लागेल, परंतु ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक व टायर अधिक काळ टिकतील आणि चालक रोज सुखरूप घरी येईल.