गोलाचा राखणदार

१. शेताची राखण

भादवा सरतो. भात निसवते आणि दाणा भरू लागतो. मग महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर रात्री रानडुकरे उतरतात. म्हणून घरातले कोणीतरी माळ्यावर जाऊन बसते. रात्रभर डबा वाजवते, हाळी देते, शेकोटी विझू देत नाही.

सकाळी पीक जागच्या जागी उभे असते. तेव्हा त्या राखणदाराला कोणी शाबासकी देते का? नाही देत. लोक म्हणतात, "काल डुकरं आलीच नसतील."

पण एका रात्री त्याचा डोळा लागला, आणि कळपाने अर्धे शेत तुडवले, की मग? सारा गाव बांधावर जमतो. "राखणीला कोण होता?" असे जो तो विचारतो.

राखणीचे काम असे आहे. नीट केले तर दिसत नाही. चुकले तर साऱ्यांना दिसते.

खेळाच्या मैदानातही असा एक राखणदार असतो. फुटबॉलच्या खेळात त्याला गोलरक्षक म्हणतात. आज आपण दोन गोलरक्षकांची हकीकत वाचू. एक आहे आपल्या शेजारच्या गोव्याचा. दुसरा आहे दूरच्या आयर्लंड देशाचा.

२. गोलरक्षकाचे काम

हुतूतू तुम्हाला ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यात गावोगाव तो खेळतात. हुतूतूत गडी बाद झाला तरी पुन्हा आत येऊ शकतो. गेलेला गुण भरून काढता येतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत कधी कधी एकच गोल होतो, आणि त्या एका गोलावर सामना जातो. म्हणून गोलरक्षकाची जबाबदारी मोठी.

फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा गडी असतात. दहा जण पायाने, डोक्याने चेंडू खेळतात. हात लावायची परवानगी एकट्या गोलरक्षकाला असते. तीही गोलासमोर आखलेल्या पांढऱ्या चौकातच. चौकाबाहेर त्यानेही हात लावायचा नाही.

गोल म्हणजे दोन खांब आणि वर एक आडवा दांडा. त्याची रुंदी २४ फूट, म्हणजे आपले सोळा हात. उंची ८ फूट. एवढे मोठे दार एका माणसाने राखायचे!

ते कसे जमते? एक सोपा प्रयोग करा. रात्री दिवा भिंतीपासून दूर ठेवा. हात भिंतीजवळ धरा. सावली लहान पडते. आता तोच हात दिव्याजवळ न्या. सावली सारी भिंत झाकते. गोलरक्षक हेच करतो. समोरून गडी चेंडू घेऊन आला, की तो दारात उभा राहत नाही. चार पावले पुढे होतो. मग मारणाऱ्याला मोकळी जागा थोडीच दिसते. पण फार पुढेही जाऊन चालत नाही. नाहीतर चेंडू डोक्यावरून मागे पडतो. किती पुढे जायचे, हे ओळखण्यातच सारे कसब आहे.

दुसरे कसब चेंडू धरण्याचे. नुसते हात पुढे करायचे नाहीत. हातांच्या मागे छाती आणायची. हातातून चेंडू निसटला तर छातीला अडला पाहिजे.

३. गोव्याचे ब्रह्मानंद

आपल्या महाडवरून जाणारा मोठा रस्ता दक्षिणेला गोव्यात पोचतो. तिथे फुटबॉलचे वेड आहे. १८८३ साली शिवोली गावात एका पाद्र्याने हा खेळ आणला, असे सांगतात. पुढे गावोगाव भात कापून झाले की मोकळ्या शेतात पोरे चेंडू खेळू लागली.

पणजीजवळ ताळगाव आहे. तिथे ६ मार्च १९५४ रोजी ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ब्रह्मानंद सात वर्षांचे होते.

ते मोठे झाले आणि गोलाच्या दारात उभे राहिले. वास्को शहरातल्या साळगावकर संघातून ते बरीच वर्षे खेळले. मग भारताच्या संघात गेले. १९८३ ते १९८६ या काळात ते भारताच्या संघाचे कप्तान होते. पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला कप्तान का केले? कारण सारे मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असते. कोण कुठे चुकतो आहे, कुठली बाजू उघडी पडली आहे, हे त्याला आधी दिसते. तो मागून ओरडून सांगतो, "डावीकडे बघ! मागे ये!"

आपल्या देशात राज्याराज्यांची एक मोठी फुटबॉल स्पर्धा होते. तिचे नाव संतोष ट्रॉफी. बंगालचा संघ त्यात फार बलवान. १९८३ साली कोलकात्यात गोवा आणि बंगाल शेवटच्या सामन्यात समोरासमोर आले. एकही गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळवला. पुन्हा गोल नाही. शेवटी दोघांना मिळून विजेते ठरवले. गोव्याला ही ट्रॉफी पहिल्यांदाच मिळाली.

पुढच्या वर्षी, १९८४ साली, स्पर्धा चेन्नईत झाली. त्या शहराला तेव्हा मद्रास म्हणत. गोव्याचे कप्तान ब्रह्मानंद होते. शेवटच्या सामन्यात गोव्याने पंजाबला एका गोलाने हरवले. या वेळी ट्रॉफी एकट्या गोव्याची झाली. आणि त्या सबंध स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही.

विचार करा. त्या सामन्यांत गोल करणाऱ्यांना लोकांनी खांद्यावर घेतले असेल. पण दार बंद होते, म्हणून एक गोल पुरला.

ब्रह्मानंदांनी पुढे खेळ सोडला. त्यानंतर १९९७ साली सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार दिला. २०२२ साली पद्मश्री हा किताब दिला. त्या वर्षी ते अडुसष्ट वर्षांचे झाले. राखणदाराचे कौतुक झाले, पण उशिरा झाले.

४. आयर्लंडचे बॉनर

आता दूर देशाची गोष्ट. आयर्लंड हे युरोपच्या पश्चिम टोकाचे बेट आहे. त्याच्या वायव्येला डोनेगल नावाचा मुलूख आहे. डोंगर, समुद्र आणि पाऊस. जमीन थोडी. महाड-पोलादपूरची माणसे जशी पोटासाठी मुंबईला गेली, तशी डोनेगलची माणसे पिढ्यानपिढ्या समुद्र ओलांडून स्कॉटलंडला गेली.

पॅकी बॉनर हे त्याच डोनेगलचे. जन्म २४ मे १९६०. १९७८ साली तेही स्कॉटलंडला गेले. ग्लासगो शहरात सेल्टिक नावाचा मोठा फुटबॉल संघ आहे. त्या संघात त्यांना घेतले. २४ मे १९८१ रोजी, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, ते पहिल्यांदा आयर्लंडकडून खेळले.

१९९० साली इटली देशात विश्वचषक स्पर्धा झाली. आयर्लंडचा संघ पहिल्यांदाच तिथे पोचला होता. २५ जून रोजी जेनोवा शहरात त्यांचा सामना रुमानियाशी झाला. वेळ संपली, जादा वेळही संपली. एकही गोल नाही.

मग प्रत्येक संघाने पाच-पाच फटके मारायचे ठरले. चेंडू गोलापासून ३६ फुटांवर ठेवतात. समोर फक्त गोलरक्षक. चेंडू अर्ध्या सेकंदात दारात येतो. विचार करायला वेळच नसतो.

दोन्ही संघांचे चार-चार फटके आत गेले. रुमानियाचा पाचवा गडी आला. त्याने फटका मारला. बॉनर यांनी अंग झोकून दिले आणि चेंडू अडवला! मग आयर्लंडचा पाचवा फटका आत गेला. आयर्लंड जिंकले. बॉनर यांचे नाव त्या देशात घरोघर झाले.

चार वर्षे गेली. ४ जुलै १९९४. अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात आयर्लंडचा सामना हॉलंडशी होता. आयर्लंड एका गोलाने मागे होते. हॉलंडच्या एका गड्याने लांबून चेंडू मारला. फटका सरळ बॉनर यांच्याकडेच आला. असे शेकडो चेंडू त्यांनी धरले होते. पण हा हातातून निसटला आणि मागे जाळ्यात गेला. आयर्लंड दोन गोलांनी हरले. स्पर्धेबाहेर गेले.

तोच माणूस, तेच हात. चार वर्षांपूर्वी या हातांनी देशाला हसवले होते. आता साऱ्या जगाने ते चुकताना पाहिले.

बॉनर तेव्हा चौतीस वर्षांचे होते. खेळ सोडून घरी बसले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ते पुन्हा दारात उभे राहिले. २७ मे १९९५ रोजी सेल्टिकने स्कॉटलंडचा चषक जिंकला. सहा वर्षांत त्या संघाला एकही चषक मिळाला नव्हता. त्या सामन्यात गोल राखायला बॉनरच होते. त्यांच्यावर एकही गोल झाला नाही.

आयर्लंडकडून ते एकंदर ८० सामने खेळले. खेळणे थांबल्यावर ते नव्या गोलरक्षकांना शिकवू लागले. शिकवताना आपली चूक झाकून कशी चालेल? चेंडू कुठे निसटतो, हे ज्याच्या हातून निसटला त्यालाच नीट सांगता येते.

५. हिरकणीचा बुरूज

आपल्याच रायगडाची एक गोष्ट सांगतात. हिरकणी गवळण गडावर दूध घालायला गेली. संध्याकाळ झाली. गडाचे दरवाजे बंद झाले. घरी तान्हे बाळ. ती माऊली अंधारात कडा उतरून गेली.

शिवाजी महाराजांना हे कळले. त्यांनी तिचे कौतुक केले, चोळी-बांगडी दिली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. जिथून एक बाई खाली उतरते, तिथून शत्रू वर चढेल. म्हणून त्या जागी बुरूज बांधला.

महाराज पहारेकऱ्यांवर नुसते रागावले असते, तर कडा तसाच कच्चा राहिला असता.

चांगला राखणदार असेच करतो. कच्ची जागा दिसली, की तिथे बुरूज बांधतो. ती लपवत नाही, आणि तिच्यासाठी रडत बसत नाही.

तुमच्या गावातही राखणदार आहेत. पावसाळ्यात सावित्रीचे पाणी किती चढले, हे रात्री उठून बघणारा असतो. पिण्याच्या पाण्यात औषध टाकणारा असतो. त्यांचे काम नीट झाले, तर काहीच घडत नाही. काहीच घडले नाही, हीच त्यांची कमाई. पुढच्या वेळी असा माणूस वाटेत भेटला, तर त्याला दोन शब्द बोला. चूक होण्याची वाट बघू नका.

नवे शब्द

गोलरक्षक : गोल राखणारा गडी
कप्तान : संघाचा पुढारी
किताब : मानाची पदवी
कसब : कामातली हुशारी

सांगा पाहू

१. गोलरक्षक दारात उभा न राहता पुढे का येतो? दिवा आणि हात घेऊन करून दाखवा.
२. गोलाची रुंदी किती हात? आपल्या अंगणात मोजून बघा.
३. १९९४ सालच्या चुकीनंतर बॉनर यांनी काय केले?
४. तुमच्या गावात न दिसणारी राखण कोण करते? त्याच्याविषयी पाच ओळी लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.