आगगाडीतील अनोळखी सोबती

शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७, मत्तय, अध्याय ५ ते ७.

वाटेत घायाळ पडलेल्या मनुष्यास उचलणारा शोमरोनी आपणांस ठाऊक आहे. परंतु वाटेवरचा प्रत्येक सोबती घायाळ नसतो. कोणी केवळ एकटा व मनाने अस्वस्थ असतो. अशास आपण काय द्यावे? हे समजण्याकरिता आपल्या जिल्ह्याशी निकट संबंध असलेल्या एका पुरुषाची गोष्ट पाहू.

सन १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. ते कवी व संस्कृताचे व्यासंगी होते. पण धर्माविषयी त्यांच्या जिवास स्वस्थता नव्हती. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. इंग्रजी राज्याचे ते दिवस. गोऱ्या उतारूकडून आदराची आशा हिंदी मनुष्याने क्वचितच करावी. परंतु हे गृहस्थ मोठ्या सौजन्याने वागले. बोलणे संस्कृत काव्यावर निघाले, मग धर्माकडे वळले. शेवटी त्यांनी टिळकांस नव्या कराराची प्रत दिली, आणि तुम्ही हिचा नीट अभ्यास कराल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांस ते धाडसाचे वाटले. तरी वाचण्याचे वचन त्यांनी दिले. परस्परांची नावे न विचारताच दोघे वेगळे झाले.

टिळकांनी वचन पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत मोठी होती : आप्त दुरावले, व पत्नी लक्ष्मीबाई यांचा वियोग कित्येक वर्षे सोसावा लागला. पुढे त्या परत आल्या, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील सेमिनरीत टिळकांनी शिकविले. त्यांची भजने आपल्या मंडळ्यांत आजही गाइली जातात.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या.

१. त्या गृहस्थांनी प्रथम ऐकून घेतले. टिळकांस जे प्रिय होते, तेथूनच त्यांनी आरंभ केला. दुसऱ्याच्या धर्माची निंदा करून बोलणे सुरू करणाऱ्या उपदेशकाने हे मनावर घ्यावे.

२. दिलेली वस्तू लहान होती, आणि तिचा मोबदला मागितला नाही.

३. ममता ही गळास लावलेले आमिष नव्हे. टिळकांनी ते पुस्तक कधी उघडलेच नसते, तरी त्या दिवशीचे सौजन्य व्यर्थ गेले नसते. कारण एका मनुष्याने दुसऱ्यास मनुष्य म्हणून मान दिला होता.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस प्रवासात विहिरीवर पाणी व ओसरीवर जागा मिळत नसे. त्यांच्या लेकरांनी एसटीत उभ्या असलेल्या म्हातारीस जागा देताना, ती आपल्यातली की परकी, असे पाहावे काय? ज्यास नाकारल्याचे दुःख ठाऊक आहे, त्याचाच हात आधी पुढे व्हावा.

विचारार्थ प्रश्न :

१. अनोळखी मनुष्याने तुम्हांवर केलेला कोणता उपकार तुम्हांस आठवतो? तो कोणत्या जातीचा वा धर्माचा होता, हे तुम्ही त्या वेळी विचारले काय?

२. मागील बाजाराच्या दिवशी वाटेत तुमच्याजवळ कोण बसले होते? त्याच्याशी तुम्ही कसे वागला?

३. फळ दिसणार नाही असे ठाऊक असताही तुम्ही कोणाचे बरे कराल काय?