लॅपटॉपवर पळतं, क्लाउडवर धापा टाकतं

प्रश्न : फोटो लहान करणारं माझं फंक्शन ‘सॅम लोकल इन्व्होक’ने एका सेकंदात चालतं. ‘सॅम डिप्लॉय’ करून एडब्ल्यूएस लॅम्डावर टाकलं की ‘टास्क टाइम्ड आउट’. कोडमध्ये काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोडला हात लावू नका. लॅम्डाचा मूळ टाइमआउट फक्त 3 सेकंदांचा आणि मेमरी 128 एमबी. तिथे सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो. एक पूर्ण व्हीसीपीयू हवा तर 1,769 एमबी लागते. म्हणजे तुमच्या वाट्याला आला जेमतेम चौदावा हिस्सा! लॅपटॉपवर अशी काटछाट नसते, म्हणून तिथे सगळं आलबेल.

टेम्प्लेट फाइलमध्ये ‘टाइमआउट’ 30 आणि ‘मेमरीसाइझ’ 1024 करा. मग आधी ‘सॅम बिल्ड’, नंतर ‘सॅम डिप्लॉय’. बिल्ड विसरलात तर जुनंच टेम्प्लेट वर जातं. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. त्यानंतर ‘सॅम लॉग्ज’मधली ‘रिपोर्ट’ने सुरू होणारी ओळ पाहा, किती वेळ लागला, जास्तीत जास्त किती मेमरी वापरली, ते तिथे दिसतं. त्यावरून आकडे कमी-जास्त करा. टाइमआउट 15 मिनिटांपलीकडे मात्र वाढवता येत नाही.