संपादित छायाचित्रांचे जतन : मूळ प्रत आणि कामाची प्रत

शासकीय कामकाजात छायाचित्राला आज पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. रोजगार हमीच्या कामांची स्थाननिर्देशित छायाचित्रे २०१६ पासून संगणकावर नोंदविली जाऊ लागली. जीर्ण दप्तरे आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरे यांचीही छायाचित्रे घेतली जातात. छायाचित्र घेताना बाळगली जाणारी दक्षता ते संपादित करून साठविताना मात्र अनेकदा बाळगली जात नाही. त्यामुळे होणारी हानी भरून काढता येत नसल्याने या विषयाची मूलतत्त्वे जाणून घेणे अगत्याचे आहे.

हानी कशी होते?

एका रजिस्टराच्या पानाचे छायाचित्र ४००० × ३००० बिंदूंचे आहे, असे समजू. त्यात १ कोटी २० लाख बिंदू असतात. अर्जासोबत जोडण्यासाठी ते १००० × ७५० इतके लहान केले, तर साडेसात लाख, म्हणजे केवळ सोळावा हिस्सा बिंदू उरतात. अर्जापुरते ते पुरेसे असते. परंतु 'सेव्ह' ही आज्ञा देऊन तेच मूळ फाइलवर साठविले, तर उरलेले पंधरा हिस्से कायमचे नाहीसे होतात. चित्र पुन्हा मोठे केले तरी गेलेला तपशील परत येत नाही.

दुसरे कारण साठवणुकीच्या प्रकारात आहे. १९९२ मध्ये मान्यता पावलेल्या जेपेग पद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे वगळले जातात. त्यामुळे फाइल लहान होते; पण दुरुस्ती करून पुनःपुन्हा साठविल्यास प्रत्येक वेळी थोडी भर पडून अक्षरांच्या कडा पुसट होत जातात. फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा तिची नक्कल केल्याने मात्र असे होत नाही. पुसट झालेल्या देवनागरी १ आणि ९ या अंकांत गफलत झाली, तर जन्मवर्षाची नोंदच संशयास्पद ठरू शकते. मूळ कागद वाळवीने खाल्ला असेल, तर तपासण्यास दुसरे साधनही उरत नाही.

योग्य प्रकाराची निवड

१९९६ मधील पीएनजी या प्रकारात चित्र आकुंचित होऊनही बिंदू जसेच्या तसे राहतात. दस्तऐवजांच्या जतनासाठी टिफ हा प्रकारही प्रचलित आहे. फोटोशॉपचा पीएसडी आणि गिंपचा एक्ससीएफ हे प्रकार संपादनाचे थर वेगवेगळे राखतात. त्यामुळे पुढे दुरुस्ती करता येते. गिंप या विनामूल्य प्रणालीत २०१२ पासून 'सेव्ह' ही आज्ञा एक्ससीएफसाठी असून जेपेग वा पीएनजी प्रतीसाठी 'एक्स्पोर्ट' ही आज्ञा द्यावी लागते.

कार्यपद्धती

१. कॅमेऱ्यातील मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवून ती केवळ वाचनासाठी खुली ठेवावी.
२. संपादन नकलेवरच करावे. 'सेव्ह अ‍ॅज' वापरून तिला वेगळे नाव द्यावे.
३. कामाची प्रत थरांसह राखावी आणि पाठविण्याची लहान प्रत सर्वांत शेवटी तयार करावी.
४. नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख व विषय लिहावा.
५. मूळ प्रतीची आणखी एक नक्कल दुसऱ्या साधनावर ठेवावी.

पुराव्याची बाजू

मूळ फाइलमध्ये छायाचित्राची वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि सोय चालू असल्यास स्थानही नोंदलेले असते. संपादनात किंवा संदेशवहनाच्या अनेक अ‍ॅपमधून पाठविताना ही माहिती गळून पडू शकते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. फाइलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. फिकट शाई ठळक करणे गैर नाही. मात्र केलेला बदल लिहून ठेवावा आणि मूळ प्रत दाखविण्याची तयारी असावी.

या दक्षतेसाठी फार खर्च येत नाही. प्रत्येक कार्यालयाने व शाळेने ही शिस्त अंगी बाणविली, तर आज टिपलेली नोंद पुढील पिढीलाही विश्वासाने वाचता येईल.