जपानची पहिली यात्रा : नारा आणि कोयासान

जपानला प्रथमच जाऊ इच्छिणारे आपले माजी विद्यार्थी व पालक बहुधा आठ दिवसांत टोकियो, क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा उरकण्याचा बेत आखतात. वेगवान शिंकान्सेनमुळे ते शक्यही होते. मात्र अशा प्रवासात रेल्वेस्थानकेच अधिक स्मरणात राहतात. संस्कृतीचा अनुभव घेणे हाच हेतू असेल, तर पहिली यात्रा नारा आणि कोयासान या दोन स्थळांभोवती आखावी, असे आम्हांस वाटते.

नारा ही आठव्या शतकातील राजधानी. तेथील तोदाइ-जी विहारात वैरोचन बुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती आहे. आगीमुळे तिची अनेकदा डागडुजी झाली, परंतु इ. स. ७५२ मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधून तो उपस्थितांच्या हाती दिला होता. पुण्याचा वाटा सर्वांना मिळावा, ही त्यामागील भावना. तो कुंचला आणि तो निळा दोर शोसोइन या प्राचीन भांडारात आजही जतन केलेले आहेत. या भांडारातील निवडक वस्तू दरवर्षी शरदात, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या आरंभी, नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयात मांडल्या जातात. वस्तू दरवर्षी बदलतात, त्यामुळे कुंचला दिसेलच असे नाही. तरीही यात्रेसाठी हाच काळ निवडावा. चेरीचा बहर सुंदर खरा, पण गर्दीही तितकीच.

ओसाकाहून रेल्वेने व शेवटी डोंगरावर चढणाऱ्या केबल कारने कोयासान गाठता येते. कूकाई या आचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये स्थापिलेल्या या क्षेत्री सुमारे ५० विहार पाहुण्यांना मुक्कामास ठेवतात. या निवासाला शुकुबो म्हणतात. शरदात जागा लवकर भरतात. व्हिसाबरोबरच हे आरक्षणही आधी करावे. डोंगरावर थंडी असते, लोकरीचे कपडे हवेत.

शाकाहारींनी एक ध्यानी ठेवावे : जपानी रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतो, भाजी दिसली तरी. शुकुबोतील भोजन मात्र मांस-मत्स्यविरहित असते. पादत्राणे बाहेर काढावीत. स्नानकुंडात उतरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुवावे. पहाटेच्या वंदनेस पाहुण्यांनाही बसता येते. वसतिगृहाच्या घंटेने जागे झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ती वेळ जड जाणार नाही.